एडिसनच्या ताईंना, नातवंडं सुखरूप पोचल्याचं पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतून, लेकीच्या एडिसनच्या घरून, नातवंडांना घेऊन आम्ही डोंबिवलीला नीट पोचलो हे लेकीने तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल. पण त्या रविवारी तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, ते एका मेसेजमध्ये मावणारं नाही. सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र मुद्दाम लिहिते आहे. दर उन्हाळ्यात कितीतरी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निघतात, आणि प्रत्येकाच्या शेजारी वीस वर्षं विमान कंपनीच्या काउंटरवर काढलेली ताई राहत नाही.

आमची अडचण तुम्हाला ठाऊक होती. लेक-जावई दोघंही एच-वन-बीवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर. भारतात आले की स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नव्या व्हिसाचा शिक्का, होईपर्यंत अडकले, आणि तारीख काही मिळेना. मुलं मात्र तिथेच जन्मलेली, अमेरिकी पासपोर्टवाली. म्हणून ठरलं, परतताना आम्हीच दोघांना घेऊन यायचं आणि ऑगस्टच्या शेवटी ह्यांनी त्यांना परत नेऊन सोडायचं. तिकिटं झाली, पासपोर्ट होते, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतात ती ओसीआय कार्डं होती. आणखी काही लागेल असं आमच्या मनातही आलं नव्हतं.

खाली टपालपेटीपाशी तुम्ही सहज विचारलंत, "मुलांच्या आईवडिलांचं संमतिपत्र केलंत ना?" माझा चेहरा बघून तुम्ही संध्याकाळीच वर आलात, हातात लाल पेन आणि निळी फाइल.

पहिली चूक तुम्ही पाच मिनिटांत धरलीत. मोठीचा पासपोर्ट नवा होता. सोळाच्या आतल्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, तो आम्ही वेळेवर करून घेतला होता. पण ओसीआय कार्डावर नंबर जुन्याच पासपोर्टचा. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट बदलला की दर वेळी तो आणि मुलाचा ताजा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा असतो, तीन महिन्यांच्या आत, आणि त्याला फीसुद्धा नाही, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. जावयाने ते त्याच रात्री करून टाकलं. जुना पासपोर्ट आता सोबत लागत नाही, तरी असू दे म्हणालात. तोही फाइलमध्ये गेला.

मग संमतिपत्र. अमेरिकेचा कायदा ते सक्तीने मागत नाही, पण तिथलं सीमाशुल्क खातं जवळ ठेवा असं सांगतं आणि काउंटरवरचा माणूस ते केव्हाही मागू शकतो, हे तुम्ही समजावलंत. जावयाने घाईने चार ओळी छापून सही करून ठेवली होती. तुम्ही तो कागद बाजूला ठेवलात. सही नोटरीच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, आणि दोघांचीही. मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर, आमची नावं आणि नंबर, जाण्या-येण्याच्या तारखा, डोंबिवलीचा पत्ता, आईवडिलांचे फोन, हे सगळं तुम्ही लिहायला लावलंत. "आजी आणि आजोबा" असं होतं, तिथे लाल पेनाने "दोघे किंवा दोघांपैकी एक" केलंत. ऑगस्टमध्ये हे एकटेच जाणार हे तुमच्याच लक्षात आलं. सोमवारी बँकेत नोटरी झाली, खातेदार म्हणून फुकट.

मला मात्र सगळ्यात आठवतो तो तुम्ही मांडलेला नात्याचा पुरावा. नातवंडांचं आडनाव वेगळं, लेकीचं लग्नानंतरचं वेगळं, माझं आणखी वेगळं. मी त्यांची आजी हे कागदावर दिसणार कसं? तुम्ही मुलांचे जन्मदाखले काढलेत, त्यात आईचं माहेरचं नाव. त्याखाली लेकीचा भारतीय पासपोर्ट उघडून शेवटचं पान माझ्यासमोर धरलंत. त्यावर नवऱ्याचं नाव आणि आईचं नाव एकाखाली एक. आईच्या रकान्यात मी. नाव एकच, पण तिथे स्पेलिंग 'व्ही'ने आणि माझ्या पासपोर्टात 'डब्ल्यू'ने. पत्रात माझं नाव माझ्या पासपोर्टाप्रमाणेच लिहायला लावलंत, आणि लेकीच्या पानाची प्रत मागे जोडलीत. इतकी वर्षं तो पासपोर्ट घरात होता. त्या पानाकडे मी कधी नीट बघितलंही नव्हतं.

नेवार्कला काउंटरवरच्या मुलीने नेमकं तेच विचारलं. पत्र उलटं करून शिक्का बघितला, आडनावांवरून बोट फिरवलं, धाकट्याला विचारलं, "या कोण?" तो म्हणाला, "आज्जी." तिला ते कळलं नाही. मग मी जन्मदाखला आणि ते पान पुढे केलं. तिने पत्रातल्या नंबरवर फोन लावला. बोर्डिंग होईपर्यंत दोघांनी फोन हातात ठेवा हे तुम्ही बजावलं होतं, त्यामुळे लेकीने पहिल्याच रिंगला उचलला. दोन मिनिटांत बोर्डिंग पास हातात आले. माझे हात थरथरत होते, ताई.

तुमच्या दुसऱ्या कागदाची गरज इथे पडली. आजारपणात उपचारांना संमती द्यायचा अधिकार आम्हाला दिल्याचं पत्र. गेल्या आठवड्यात धाकटा जिन्यात पडला, हनुवटीला टाके घालावे लागले. रुग्णालयात अर्जावर पालकांची सही मागितली. तिकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी पत्र दिलं, डॉक्टरांनी वाचलं, प्रत ठेवून घेतली आणि कामाला लागले. लसींचा तक्ता आणि ॲलर्जीची नोंद त्याच फाइलमध्ये होती. आता तो छान आहे, दिवसभर क्रिकेट चालू आहे.

तुमच्याकडून शिकलेलं लगेच उपयोगीही पडलं. आमच्या सोसायटीतल्या एक बाई दहा वर्षांच्या नातीला घेऊन विमानाने काठमांडूला निघाल्या होत्या, दोघींची आधार कार्डं घेऊन. नातीचं चालतं, कारण ती पंधराच्या आतली. बाई बासष्टच्या. नेपाळसाठी आधार पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांनाच चालतं. मधल्या वयाला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र हवं. त्यांचं मतदार कार्ड कपाटात सापडलं. नातीच्या आईवडिलांचं पत्रही मी करून घ्यायला लावलं.

ताई, तुमची निळी फाइल ह्यांच्याबरोबर ऑगस्टमध्ये परत येते आहे. धाकट्याचा पासपोर्ट डिसेंबरमध्ये संपतो. नवा आला की तीन महिन्यांत पोर्टलवर चढवायचा, हे मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

तुमची,
दोन्ही मुलांची आज्जी