समुपदेशन कक्षात कॅरम अन् लेकरं वाऱ्यावर

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

सेमिस्टरचे निकाल लागायला सुरुवात झाली की तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट हमखास येते, 'नापास झाल्याने विद्यार्थ्याने जीवन संपवले', चार ओळीत विषय खल्लास. मी लातूर जिल्ह्यातल्या एका सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर (म्हणजे कायम नोकरी नाही, तासाप्रमाणे मानधन) शिकवतो, रोज ह्या लेकरांमधेच असतो म्हणून बोलतोय, कुणी एका पेपरपायी जीव देत नाही हो. आधी घरचं कर्ज, अडकलेली स्कॉलरशिप, मेसची उधारी, कुणाशीतरी तुटलेलं, रात्र रात्र झोप नाही, असं कित्येक महिने साचत आलेलं असतं, निकाल फक्त शेवटचा धक्का देतो आणि पेपरात तेवढाच छापून येतो. प्रेस कौन्सिलनी २०१९ मधेच सांगून ठेवलंय की अशा बातम्या ठळक छापू नका, कसं केलं ते लिहू नका, फोटो टाकू नका. तुमचा पेपर बऱ्यापैकी पाळतो, पण ते 'नापास झाल्याने' मात्र सुटत नाही. तिसऱ्या गावात बसून हेडिंग वाचणाऱ्या, दोन विषय गेलेल्या पोराला त्यातून काय कळतं त्याचा एकदा विचार करा.

एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्यात, त्यात महाराष्ट्र सगळ्यात वर, १,७६४. हे नोंदलेले. प्रयत्न करून वाचलेले, अन् विचार मनात घेऊन रोज वर्गात मागच्या बाकावर बसणारे कुठं मोजतंय कोण.

आता ओळखायचं कसं हे सगळेच विचारतात. मागच्या वर्षीचं एक उदाहरण देतो, नाव गाव सांगणार नाही. बीएस्सी सेकंड इयरचा पोरगा, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. हे पोरगं बिघडलंय हे पहिल्यांदा आम्हा प्राध्यापकांपैकी कुणालाच कळलं नाही, कळलं मेसवाल्या मावशीला. त्या मला रस्त्यात भेटल्या अन् म्हणल्या, "सर, ते लेकरू डबा तसाच वापस पाठवायलंय, भाकर मोडलेली पण नसती." मग त्याच्या रूम पार्टनरला गाठलं, तर तो म्हणला रात्रभर जागाच असतो, प्रॅक्टिकलला येत नाही, आणि परवा त्याचा कॅल्क्युलेटर अन् सगळ्या नोट्स मला देऊन टाकल्या, म्हणला आता मला लागत नाहीत. ते ऐकून मी जरा हादरलोच. जेवण, झोप, आंघोळ-कपडे, हजेरी यात अचानक फरक पडणं, स्टेटसला 'सगळ्यांना सॉरी' छाप काहीतरी येणं, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणं, आणि खूप दिवस पडलेला चेहरा एका दिवसात एकदम शांत होणं, ह्या खुणा. यातली एखादी कुणातही दिसेल, परीक्षेच्या दिवसात तर सगळेच पारोसे असतात, पण दोन-तीन एकत्र दिसल्या की वाट बघायची नाही.

आणि मग विचारायचं. स्पष्ट विचारायचं. लोकांना वाटतं असं विचारलं तर नसलेलं डोक्यात घालून दिल्यासारखं होईल, तसं होत नाही, मानसोपचारवाले हे वर्षानुवर्षं सांगत आलेत, उलट विचारल्यावर मोकळं वाटतं. मी त्याला पार्किंगच्या मागं चहाला नेलं, इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणलं, "मरून जावं असं येतंय का रे मनात?" लई वेळ काहीच बोलला नाही, ग्लास फिरवत बसला, मग म्हणला "कधी कधी येतं सर." मी पुढं विचारलं काही ठरवलंयस का, तर मानेनीच हो म्हणला. इथून पुढं माझ्यासारख्या बॉटनी शिकवणाऱ्याचं काम नाही हे उघड आहे, पण तोपर्यंतचं काम माझंच होतं ना. त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही, धोक्याची वस्तू आसपास राहू दिली नाही, १४४१६ ला फोन लावून त्याच्याकडं दिला. (हा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.) दुसऱ्या दिवशी मामा आले अन् आम्ही तिघं सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीला गेलो.

मामा सारखे म्हणत होते पोलीस केस होईल, बाहेर कळलं तर बहिणीच्या सोयरिकीचं काय. तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, त्याच्या कलम ११५ मधे लिहिलंय की असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारनी त्याला उपचार द्यायचे. इथं तर नुसता विचार मनात आलेला होता. पण ही भीती गावाकडं एवढी पक्की बसलीय की लोक दवाखान्याऐवजी आधी देवर्षाकडं जातात, मग कधीतरी डॉक्टरकडं. गोळ्यांचं पण तसंच, नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसात फरक नाही म्हणून पोरं सोडून देतात, म्हणून कुणीतरी मागं लागून खायला लावायच्या.

बरं, त्याला नेमकं खात काय होतं? महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म. तो कॉलेजच्याच लॉगिनला महिनोनमहिने पडून होता, ऑफिसात विचारायला गेला की "साईट बंद आहे, नंतर ये", तिकडं फी भरा म्हणून नोटीस, मेसचं तीन महिन्याचं बिल, आणि घरी सांगायची सोय नाही कारण आईबापांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून आधीच उचल (आगाऊ पैसे) घेतलेली. आम्ही दोघा-तिघांनी जाऊन बडेबाबूंकडून तो फॉर्म पुढं ढकलून घेतला. खरं सांगू का, गोळ्यांइतकाच त्या एका क्लिकनी फरक पडला असं माझं मत आहे. नुसतं 'पॉझिटिव्ह थिंकिंग'चं लेक्चर देऊन काय होतंय, ज्याला संध्याकाळचा डबा बंद होणार आहे त्याला आधी डबा द्या. २०२५ च्या सप्टेंबरच्या पुरानं सोयाबीन गेलं तेव्हा हॉस्टेलला काय अवस्था होती ते आम्ही बघितलंय. पोरगा आता थर्ड इयरला आहे, एक विषय राहिलाय, काढेल.

आमच्यात काही ज्येष्ठ मंडळींचं पेटंट वाक्य असतं, बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही मदतीची सुकडी अन् मिलो ज्वारी खाऊन शिकलो, आम्हाला नाही बुवा डिप्रेशन आलं. आलं असेल पण, सांगायचं कुणाला हाच प्रश्न होता. असो.

आता कॉलेजांचं. जुलै २०२५ मधे सुप्रीम कोर्टानी सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखायला पंधरा सूचना दिल्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ नाहीतर समाजकार्यकर्ता पाहिजे, टेलिमानसचे नंबर हॉस्टेलला, वर्गात, वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लावायचे, आणि शिकवणाऱ्या तसंच न शिकवणाऱ्या सगळ्या स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग. मी एका कॉलेजात परीक्षेच्या ड्युटीला गेलो होतो, तिथं 'समुपदेशन कक्ष' अशी छान पितळी पाटी आहे, दार उघडलं तर आत दोन कॅरम बोर्ड, एनएसएसचे जुने बॅनर अन् उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. समुपदेशक कोण, तर मानसशास्त्राच्या मॅडम, त्यांच्याकडं चार वर्गांचे तास, परीक्षा विभाग अन् वर हे. मेंटॉर-मेंटीची (कुठल्या प्राध्यापकाकडं कुठली पोरं सोपवलीत त्याची) फाईल मात्र अपटूडेट, कॉलेजला ग्रेड देणारी नॅक कमिटी येणार म्हणून. त्या फाईलमधे प्रत्येक विद्यार्थ्यापुढं 'समस्या : नाही' असं एकाच हस्ताक्षरात लिहिलेलं मी स्वतः बघितलंय. आणि राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी जुनी चार मनोरुग्णालयं, आमच्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातलं एकही आलेलं नाही, त्यामुळं इथं सिव्हिल अन् मेडिकल कॉलेजच्या ओपीडीवरच सगळा भार. म्हणून तर सुरुवातीलाच ओळखणं आमच्यासाठी जास्त गरजेचं आहे.

तुम्हाला विनंती एवढीच की अशी बातमी छापताना खाली १४४१६ टाका, वाचता येईल एवढ्या अक्षरात, जाहिरातीखाली दडपून नको. आणि कॉलेजांना सांगणं, ते ट्रेनिंग ठेवाल तेव्हा मेसवाल्या मावश्या, हॉस्टेलचा वॉचमन, लायब्ररीतले भाऊ अन् रूम पार्टनर पोरं यांना आधी बोलवा, त्यांना जे दिसतं ते प्राचार्यांच्या केबिनमधून दिसत नाही. तासिकावाल्यांनाही बोलवा, निम्म्याहून जास्त वर्ग आम्हीच घेतो. फक्त कृपा करून मे महिन्यात ठेवू नका, तेव्हा आमची ऑर्डर संपलेली असते अन् आम्ही गावाकडं रानात असतो, जूनच्या शेवटच्या आठवड्यात ठेवलं तर सगळे येतील.

आपला,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापक, जि. लातूर