सूचना: राजगुरू सरांच्या स्मरणार्थ बोरीला फेरी

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी डॉ. शरद राजगुरू सरांच्या आठवणीत जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला जायचं आहे. भाषणं, हारतुरे नाहीत. डेक्कन कॉलेजच्या या भूपुरातत्त्वज्ञाने (माती-गाळाच्या थरांवरून प्राचीन माणसाचा माग काढणारा) आयुष्यभर नद्यांचे काठ वाचले, तेव्हा आपणही कुकडी नदीच्या काठावरच उभं राहू.

तिथे गाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. रंग करडा-पांढरट, राख म्हणजे काचेचे बारीक कण. ती आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून. पण नेमक्या कुठल्या उद्रेकातून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बोरीत सापडलेल्या अश्मयुगीन दगडी हत्यारांचं वय या राखेवर अवलंबून, म्हणून वाद एवढा तापला. (वाटेत यावर भांडायला हरकत नाही.)

थर खरवडू नये, दगड खिशात घालू नये. हत्यार जागेवरून हललं की त्याची निम्मी साक्ष गेली. हातोडी घरीच ठेवा. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. काठ ठिसूळ आहे, कडेला उभं राहू नका. टोपी, पाणी आणि डबा ज्याचा त्याने आणावा.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच नाव टाकावं, गाड्या ठरवायच्या आहेत.