कंपनीच्या नावावर रेघ मारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र जाहीरच मानणार. आम्हाला नकार मिळाले तेही काउंटरवर, चारचौघांसमोर मिळाले होते.

ज्यांना आमची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं होतं, त्यातल्या डॉक्टरांना पहिली शंका आली. पुढे 2018 साली, ती तीन वर्षांची असताना, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून तिचं कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानाच्या आत ऑपरेशन करून यंत्र बसवलं. त्या वेळी एका मुलामागे सहा लाखांपर्यंतचा खर्च त्या योजनेतून होत असे आणि बांद्र्याची कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था ते काम बघायची. त्या योजनेमुळे माझी मुलगी बोलायला लागली, मराठी शाळेत गेली, कविता पाठ म्हणायला लागली. ते ऋण फिटणारं नाही.

पण इम्प्लांट म्हणजे एकदा ऑपरेशन झालं की संपलं, असं नसतं. आतला भाग वर्षानुवर्षं टिकतो. बाहेरचा आवाज पकडून आत पाठवणारा, कानामागे लावायचा प्रोसेसर मात्र घाम, पाऊस आणि मुलांची धावपळ सोसत असतो. काही वर्षांत तो थकतो. वॉरंटी संपलेली असते, मॉडेल जुनं झालेलं असतं, सुटे भाग मिळेनासे होतात. आणि प्रोसेसर बंद पडला की आतल्या लाखो रुपयांच्या यंत्राचा काही उपयोग नाही.

यंत्र नीट चालतंय का ते बघायला आमच्याकडे रोज सकाळी शाळेच्या आधी सहा आवाज घेतले जातात. ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडासमोर वही धरते आणि म्हणते : आ, ऊ, ई, म, श, स. ती एकेक करून परत म्हणते. मागच्या पावसाळ्यानंतर 'स' गेला. मी म्हणायचे आणि ती नुसतीच वहीकडे बघत राहायची. मग 'श'सुद्धा गेला. शाळेत बाईंनी फळ्यावर 'सात' लिहायला सांगितलं तर तिने आठाचा आकडा काढला आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने वर्गात हात वर करणं सोडलं.

त्या महिन्यांत मला काय काय ऐकावं लागलं तेही लिहून ठेवते. एका कार्यालयात सांगितलं, "एकदा लाभ घेतलाय ना? मग परत कसा मिळेल?" विमा कंपनी म्हणाली, हे बाहेरून लावायचं उपकरण आहे, पॉलिसीत बसत नाही. ज्या कंपनीचं इम्प्लांट तिच्या डोक्यात आहे, तिच्या माणसाने नव्या मॉडेलचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि त्यानंतर माझा फोन उचलणंच बंद केलं. एका पुढाऱ्याने लेकीला शेजारी उभं करून फोटो काढून घेतला, अर्ज मात्र टेबलावरच राहिला. यातल्या एकानेही तिला विचारलं नाही की बाळ, तुला ऐकू येतंय का?

तुमचा नंबर आमच्या स्पीच थेरपिस्टने दिला. तुम्ही एका मोठ्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत सरकारी कामकाज बघता, कुठलं उपकरण कुठल्या योजनेत बसावं, त्याचा किती खर्च मिळावा, यासाठी मंत्रालयापासून जिल्हा परिषदेपर्यंत बोलणी करता, एवढंच मला कळलं होतं. खरं सांगते, मनात अढी होती. माझ्या वडिलांना 2016 साली स्टेंट बसवला, तेव्हा आम्ही सोनं गहाण टाकलं होतं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने किमतींवर मर्यादा घातली; साधा स्टेंट 7,260 रुपये आणि औषधाचा लेप असलेला 29,600 रुपये. ते आकडे पेपरात वाचून आई रडली होती. तेव्हापासून कंपन्यांची बाजू मांडणारी माणसं म्हटली की माझ्या कपाळावर आठी यायची.

शिवाय आमचं यंत्र तुमच्या कंपनीचं नव्हतंच. तुमचा वेळ जायला नको म्हणून फोनवर मी ते आधीच सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, "ते नंतर बघू. सकाळी सहा आवाज घेता ना? त्यातले कुठले जातायत?" त्यावर मला बोलताच येईना. तुम्ही फोन धरून ठेवलात.

पुढे काय काय झालं, किती कागद लागले, ते इथे लिहीत नाही. कायदा तुम्ही मला समजेल असा सांगितलात : दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात साहाय्यक साधनं देण्याची जबाबदारी सरकारवर आहे, आणि आपल्याकडे जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. मी भीक मागायला आलेली नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

पण ताई, या सगळ्यापेक्षा मोठी एक गोष्ट तुम्ही केलीत आणि ती माझ्याशिवाय कुणी पाहिली नाही. बैठकीच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात बाकावर बसून, मुलांना नवे प्रोसेसर द्यावेत असं निवेदन तुम्ही शेवटचं वाचत होतात. मसुदा तुमच्या ऑफिसातला तयार होता, त्यात एका ओळीत तुमच्या कंपनीच्या प्रोसेसरचं नाव होतं. तुम्ही पर्समधून पेन काढलंत, त्या नावावर सरळ रेघ मारलीत आणि वर बारीक अक्षरात लिहिलंत : 'मुलाला ज्या कंपनीचं इम्प्लांट बसवलं आहे, त्याला जुळणारा प्रोसेसर'. खाली सही केलीत. मला म्हणालात, "आता तुमची मुलगी यातून सुटायची नाही."

एका कंपनीचं इम्प्लांट असेल तर दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर त्याला चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते नाव तसंच राहिलं असतं तर तुमच्या कंपनीचाच माल खपला असता आणि तुमच्या वरिष्ठांनी तुमचं कौतुक केलं असतं. पगार तुम्हाला तीच कंपनी देते. तरी तुमचा हात अडखळला नाही. मी शेजारी बसून बघत होते.

आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, असं आणखी कुठे देतात का? तुम्ही केरळच्या श्रुतितरंगम योजनेचं सांगितलंत, इम्प्लांट दिल्यावर देखभालीची आणि जुने प्रोसेसर बदलण्याचीही सोय करावी लागते हे तिथल्या सरकारने कसं मान्य केलं ते सांगितलंत. आवाज चढवला नाहीत, कुणाची ओळख सांगितली नाहीत. त्या साहेबांचेही आभार. त्यांनी पूर्ण कागद वाचला, आणि वाचणारा माणूस भेटणं ही केवढी गोष्ट आहे ते ज्याने फेऱ्या मारल्यात त्यालाच कळेल.

प्रोसेसर आला. मॅपिंग, म्हणजे तिच्या कानाप्रमाणे तो जुळवून घेणं, झालं. त्याच संध्याकाळी लेक मावशीशी फोनवर बोलली, मी मध्ये न बोलता, सलग. 'स' यायला थोडे दिवस लागले. आता येतो. तिच्याबरोबर आमच्या जिल्ह्यातल्या आणखी काही मुलांनाही मिळाले, वेगवेगळ्या कंपन्यांचे.

नोकरी करताना माणूस कुणाच्या बाजूने उभा राहतो ते असल्या बारीक जागीच कळतं. आपल्याकडे सज्जन माणसं कमी नाहीत, पण ती खुर्चीत बसली की नियमाआड लपतात. तुम्ही तोच नियम उघडून आमच्या पुढ्यात ठेवलात. तुमच्यासारखी दहा माणसं प्रत्येक जिल्ह्यात असती तर किती आयांचे हेलपाटे वाचले असते!

तुमचा मसुदा आता आम्हा पालकांच्या गटाकडे आहे. प्रोसेसर बदलण्यासाठी राज्याच्या योजनेतच कायमची तरतूद हवी, दर वेळी एखादी आई रडत फिरायला नको, अशी आमची मागणी आहे. सह्या गोळा करतोय. अधिवेशनाआधी द्यायचं ठरलंय. एकदा नजरेखालून घाला आणि कुठे कच्चं वाटलं तर स्पष्ट सांगा.

आणि जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन आहे. लेकीला नाटकात काम मिळालंय, तीन वाक्यं आहेत. तुम्हाला बोलवायचं असं तिनेच ठरवलंय. या, पण मुक्कामाला या. मागच्या वेळेसारखं रात्रीच्या गाडीने परत जायची घाई करायची नाही.

तुमची,
एका चौथीतल्या मुलीची आई