संघातील जागेविषयी चिरंजीवास पत्र

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

बेसबॉलच्या सरावसामन्यांत शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेला, तुझ्याआधी दोघांची नावे लागतात, एक तिसऱ्या वर्षाचा आणि दुसरा यंदाच अन्य विद्यापीठातून आलेला, हे तू रविवारी फोनवर सांगितलेस तेव्हा तुझा आवाज उतरला होता. त्या वेळी मी फारसे बोलले नाही, कारण जे सांगायचे ते नीट लिहूनच कळवावे असे वाटले.

हायस्कूलमधल्या खेळावर तुला संघात घेतले. पण फेब्रुवारीच्या मध्यात हंगाम सुरू होईल तेव्हा पहिल्या लाइनअपमध्ये, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या खेळाडूंत, कोण असेल, हे कोच आता ऑक्टोबरमध्ये रोज जे पाहतात त्यावरून ठरेल. तुमच्या इनफिल्डमधली, म्हणजे बेसजवळ खेळणारी, बहुतेक मुले आपापल्या हायस्कूलची शॉर्टस्टॉपच होती, हे तूच मला सांगितले होतेस. शिवाय विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, म्हणजे ट्रान्स्फर पोर्टलमुळे, तुझी स्पर्धा आता एकवीस-बावीस वर्षांच्या, अंगाने भरलेल्या मुलांशी आहे, आणि कॉलेज-खेळांच्या खटल्यातील न्यायालयीन तडजोडीनंतर २०२५-२६ पासून तुमच्यासारख्या विद्यापीठांच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीवर, ३४ खेळाडूंचीच मर्यादा आली आहे. त्यातले बरेचसे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, असतात, त्यामुळे उरलेल्यांपैकी जो दोन-तीन जागा सांभाळू शकतो तो कोचांना हवाच असतो.

म्हणून सेकंड आणि थर्ड बेसवर सराव करण्याची तयारी तू स्वतःहून दाखवावीस, असे मला मनापासून वाटते. जागा बदलणे म्हणजे खालच्या पायरीवर जाणे नव्हे. बस्टर पोझी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात पहिल्या वर्षी शॉर्टस्टॉप होता, दुसऱ्या वर्षी कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा) झाला आणि २००८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. जेकब डग्रॉमही स्टेट्सन विद्यापीठात शॉर्टस्टॉपच होता. पिचिंगकडे तो तिसऱ्या वर्षी वळला आणि पुढे २०१८ व २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यांच्याएवढे यश तू मिळवावेस म्हणून ही नावे मी घेत नाही. कोचांनी दाखवलेली नवी जागा त्यांनी मन लावून शिकून घेतली, एवढेच मला महत्त्वाचे वाटते.

आता संधी कुठून येईल, ते पाहा. नियमित हंगामात जास्तीत जास्त ५६ सामने असतात. शुक्रवार ते रविवारच्या मालिकांसाठी कोच सगळ्यात भरवशाचे खेळाडू राखून ठेवतात, आणि नव्या मुलांना अजमावतात ते बहुधा मंगळवार-बुधवारच्या सामन्यांत. क्रिकेटमध्ये राखीव खेळाडूच्या वाट्याला मुख्यतः क्षेत्ररक्षणच येते. इथे मात्र बदली आलेल्याला पूर्ण खेळ खेळता येतो, पण बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. समज, आठव्या इनिंगमध्ये कोचांनी संथ धावणाऱ्या सेकंड बेसमनच्या जागी वेगवान धावपटू बेसवर उतरवला, तर पुढच्या अर्ध्या इनिंगमध्ये, आपला संघ क्षेत्ररक्षणाला आला की, ती जागा कोणीतरी सांभाळायलाच हवी. जो धावूही शकतो आणि ती जागाही सांभाळू शकतो त्याच्यामुळे कोचांचा एक बदल वाचतो, आणि अशा वेळी ज्याचे नाव त्यांना आधी आठवेल तो तू असावास. पाय तुझे वेगवान आहेतच. बंट, म्हणजे बॅटने चेंडू हळूच पुढ्यात टाकणे, मात्र अजून कच्चा आहे, त्यावर रोज मेहनत घे.

कोचांना ईमेल करावा असे बाबांच्या मनात होते, पण मी त्यांना थांबवले. हे बोलणे तुझे तूच करायचे आहे, आणि तेही "मला का खेळवत नाही" असे न विचारता "लाइनअपमध्ये येण्यासाठी माझ्यात काय कमी आहे" असे विचारायचे आहे. पहिल्याच हिवाळ्यात दुसरे विद्यापीठ शोधण्याचा विचार मनात आणू नकोस. ज्या दोघांमुळे तू अस्वस्थ आहेस तसे खेळाडू तिथेही असतील.

शरदाचा सराव संपला की कोच प्रत्येकाला भेटणार आहेत ना? ते जे सांगतील ते तिथेच वहीत टिपून घे, आणि गोड असो वा कडू, मला जसेच्या तसे कळव.

तुझी,
आई