व्हिएन्नाहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगायचं ठरवलं की आवाज ऐकूनच धीर जातो, म्हणून लिहिते आहे. आधी मुद्द्याचं. मी इथे आणखी दोन वर्षं राहणार आहे. होकार कळवून झाला, सह्याही झाल्या. तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं. बोलले असते तर तुम्ही दोघांनीही "तुझं तू बघ" म्हटलं असतं आणि मग आई आठवडाभर झोपली नसती. ते टाळायचं म्हणून तुम्हाला न विचारता ठरवलं. रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

कारण नीट सांगते, म्हणजे काकांनी विचारलं तर बाबांना उत्तर देता येईल. इथे कायमच्या वास्तव्याचा परवाना पाच सलग वर्षं कायदेशीर राहिल्यावर मिळतो. सोबत जर्मनची बी-१ पातळी लागते, ती परीक्षा मी पास झाले आहे. माझी तीन वर्षं झाली. या पाच वर्षांत एका वेळी सहा महिन्यांहून जास्त किंवा सगळं मिळून दहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आज-उद्या निघालं तर मला रजा काढून दोन महिने येता येईल. पण आठ महिने राहावं लागलं, तर ही तीन वर्षं वाया. एकदा तो परवाना हातात आला की सलग बारा महिन्यांच्या आत परतलं तरी तो टिकतो. म्हणजे मग मी घरी खरंच राहायला येऊ शकेन, पाहुणी म्हणून तीन आठवड्यांसाठी नाही. मला तेच हवं आहे. आई, तुला हे आत्ता पटणार नाही, पण पत्र पुन्हा वाचशील तेव्हा पटेल.

माझी काळजी करू नकोस. घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. खिडक्यांना दुहेरी काच आहे आणि हीटिंग अख्ख्या इमारतीचं एकत्र, त्यामुळे बाहेर शून्याखाली गेलं तरी घरात सुती कपड्यांवर वावरते. विम्याचं कार्ड पाकिटात असतं, ते दाखवलं की डॉक्टर तपासतात. रात्री उशीर झाला तरी ट्रामचा थांबा घरापासून चार मिनिटांवर, रस्त्यावर माणसं असतात. नळाचं पाणी थेट पिते. आई, त्यावर तू नाक मुरडतेस, पण हे पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे. १८७३ साली पहिली जलवाहिनी आली, १९१० साली दुसरी, आणि पाणी उतारावरून आपोआप शहरापर्यंत वाहत येतं. तुझ्यासाठी पहिले चार दिवस उकळून ठेवीन. मग तूच बंद करायला सांगशील.

आता दुसरा निर्णय. हाही घेऊन झाला आहे. सप्टेंबरमध्ये तुम्ही दोघं आठ आठवड्यांसाठी इथे येताय. जुलै-ऑगस्ट मुद्दाम टाळले. पारा पस्तिशीला जातो आणि बहुतेक घरांत एसी नसतो, तुमच्या खोलीतही नाही. नोव्हेंबरनंतर साडेचारला अंधार पडतो, आईचं मन लागणार नाही. सप्टेंबरात दिवसा अंगावर पातळ स्वेटर पुरतो.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. आपण मार्चअखेरीस करू. माझ्याकडून लागतं ते हमीपत्र मी इथल्या पोलीस ठाण्यात जाऊन भरेन. त्याचा नंबर कळवला की बाबा, तो दोघांच्याही अर्जात लिहा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असायला हवा आणि मागच्या दहा वर्षांतला असायला हवा. आईचा आत्ताच कपाटातून काढून बघा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, तो कुठलाही एजंट देईल. पण स्वस्त पॉलिसीत जुना आजार बहुतेक वगळलेला असतो. आईची शुगर आणि बाबांचं बीपी अर्जात लपवू नका. "जुन्या आजारातून अचानक उद्भवलेली तातडी" यावर किती रक्कम मिळते, ते पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून विचारा. एजंट तोंडी काय म्हणाला, त्याला अर्थ नाही.

औषधं दहा आठवड्यांची घ्या, आठची नाही. अर्धी आईच्या हातातल्या बॅगेत, अर्धी बाबांच्या. इन्सुलिन कुठल्याही परिस्थितीत मोठ्या बॅगेत टाकायचं नाही. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं पेन फेकून द्यावं लागतं. वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण काम करत नाही. सुया सोबत असल्यामुळे डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र हवं, त्यात औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. कंपनीचं नाव इथल्या फार्मसीत कुणाला कळत नाही. सप्टेंबरात आपलं घड्याळ इथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. तिथली सकाळी आठची गोळी म्हणजे इथे पहाटेचे साडेचार. गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा कशा सरकवायच्या, हे डॉक्टरांनाच विचारून कागदावर लिहून आणा. मनाने करू नका. बाबा, हे तुम्हाला उद्देशून आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, तेही त्यांना सांगा.

खाण्याचं आणू नका म्हटलं तरी आई आणणारच, म्हणून काय चालत नाही तेवढं सांगते. युरोपबाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा काही नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. अख्खं सुकं खोबरं मोठ्या बॅगेत टाकू नका, तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानतळावर काढून टाकतात. चटण्या, भाजणी, मसाले खुशाल आणा, पण पिशवीवर पिशवी घालून. मागच्या वेळेच्या लोणच्याची आठवण तुम्हा दोघांनाही असेलच.

बाबा, तिकिटावर मी व्हीलचेअरची सोय नोंदवली आहे. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. मधल्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पाऊण तास चालावं लागू शकतं, आणि खुर्ची ढकलणारा माणूस दोघांनाही रांगांतून बरोबर योग्य दारापाशी नेऊन सोडतो. आईला हरवण्याची भीती वाटते, ती यातून मिटते. तेवढ्यासाठी बसा. विमानात तासा-दीड तासाने उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी मारा. बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा, पोटऱ्यांत रक्त साकळत नाही. इथे उतरल्यावर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, ही पद्धत २०२५च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली. रांग लांब असेल, घाबरू नका. विचारलं तर माझा पत्ता आणि परतीचं तिकीट दाखवायचं. तीन दिवसांच्या आत तुमच्या नावांची नोंदणी माझ्या पत्त्यावर करावी लागते, ते मी बघते.

शेजारच्या काकूंनी नऊ दिवसांत सात देश पाहिले, हे आईने मला दोनदा ऐकवलं आहे. त्या सहलीत रोज सकाळी सहाला बॅगा भरायच्या, दिवसाचे पाच तास बसमध्ये, आणि प्रत्येक शहर म्हणजे उतरा, फोटो काढा, चढा. मला तुम्हाला तसं फिरवायचं नाही. शहर कळायचं तर एकाच रस्त्यावरून दोन-तीनदा जावं लागतं, सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं. मी प्रत्येक नवं शहर असंच बघते. पहिल्या दिवशी काहीच "बघत" नाही, फक्त पायी घराभोवतीचा एक चौकोन पक्का करते. दूध कुठे मिळतं, बाक कुठे आहेत, थांबा कुठल्या बाजूला आहे. तुमचेही पहिले दोन दिवस तेवढंच.

रस्ता ओलांडण्याचं मात्र घरूनच पाठ करून या. इथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. साठ वर्षांची सवय उलटी करायची आहे, ते सोपं नाही. झेब्रा पट्ट्यांवर मोटारी थांबतात, ट्राम थांबत नाही. कायद्याने तिला थांबायची गरजच नाही, आणि ती फार आवाज न करता येते. फुटपाथवर सायकलचं चिन्ह काढलेल्या पट्ट्यात गप्पा मारत उभं राहू नका. मेट्रोला फाटक नसतं, तरी तिकीट निळ्या डब्यात घालून शिक्का मारून घ्यावाच लागतो, नाहीतर खिशात तिकीट असून दंड होतो. ट्रामचं दार आपोआप उघडत नाही, दारावरचं बटण दाबायचं.

तिसऱ्या दिवशी रिंगची फेरी. जुन्या शहराभोवती तटबंदी होती, ती पाडायचा हुकूम १८५७ साली निघाला आणि त्या जागी झालेला गोल रस्ता १८६५ साली खुला झाला. एकच ट्राम पूर्ण गोल फिरत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि ते भलतीकडे जाऊन पोचतात. श्वेडनप्लात्झहून २ नंबरची घ्यायची, ऑपेरापाशी उतरायचं, तिथून १ नंबरने पुढे निघून पुन्हा श्वेडनप्लात्झ. या दिशेने जाताना उजव्या खिडकीतून जुनं शहर दिसतं. डावीकडे समोरासमोर उभी असलेली दोन जुळी संग्रहालयं, मग १८८३ सालचं ग्रीक खांबांचं संसद भवन, मग नगरपालिका. पाय न दुखवता शहराची अख्खी कड डोळ्यांखालून जाते.

सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत आणि बाबा चढतो म्हणणार. चढायचं नाही. उत्तरेच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, मोठी घंटाही तिथेच आहे आणि छपरावरची रंगीत कौलं तिथून जास्त जवळून दिसतात.

आई, जुळ्यांपैकी कलासंग्रहालयात तुला फक्त एक दालन दाखवणार आहे, ब्रूगेलचं. त्याची इतकी चित्रं एकत्र जगात दुसरीकडे कुठे नाहीत. त्यात एका शेतकऱ्याच्या घरच्या लग्नाच्या पंगतीचं आहे. दोन वाढपी एका बिजागरीवरून काढलेल्या दारावर वाडगे मांडून आणतायत, समोर जमिनीवर एक लहान मूल मोठ्यांची टोपी डोळ्यांवर ओढून ताटली बोटाने पुसून चाटतंय. नवरी मागे डोळे मिटून, हात जुळवून गप्प बसली आहे. तू त्या चित्रासमोर किती वेळ थांबशील, मला दिसतंय. समोर बाक आहे. दीड तास झाला की निघायचं, त्यापुढे कुणालाच काही दिसत नाही.

ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर आहे, एक दिवस तिकडे जाऊ. तुमचा व्हिसा तिथेही चालतो, पण पासपोर्ट सोबत हवाच. बुडापेस्ट तब्येत बघून.

कधी तुम्ही दोघंच घरी असाल आणि काही झालं, तर रुग्णवाहिकेसाठी १४४. माझा नंबर फोनमध्ये आहेच, कागदावरही लिहून फ्रिजवर लावते. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून फार्मसीचं काम शनिवारी दुपारपूर्वी उरकू.

आणि बाबा, एक दिवस फक्त तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. व्हिएन्नाहून दक्षिणेला जाणारी गाडी सेमरिंगच्या घाटातून जाते. कार्ल फॉन गेगा नावाच्या अभियंत्याने बांधलेली ही लाइन १८५४ साली सुरू झाली, आपल्या बोर घाटाच्या नऊ वर्षं आधी. तिचं काम सुरू झालं तेव्हा एवढा चढ ओढणारं इंजिनच नव्हतं, ते नंतर स्पर्धा लावून घडवून घेतलं. ग्लोग्निट्झपासून ४१ किलोमीटर, १६ पूल, त्यातले काही दगडी कमानींचे दुमजली. गाडी वळणांवर इतकी हळू होते की पुढचे डबे खिडकीतून दिसतात. घाटात तुम्ही मला मांडीवर घेऊन बोगदे मोजायला लावायचात, आणि मी मध्येच झोपले की उठल्यावर पुढचा आकडा सांगायचात. इथे १४ आहेत. खिडकी तुमची. डोळा लागला तर आकडा मी धरून ठेवते.

गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढा आणि फोटो पाठवा.

तुमची,
छकुली