वाहिनी बंद करायची तर कागदावर करा: माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या मंत्रालयाने प्रसारण विधेयकावर हरकती पाठवायला 15 ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आणि सविस्तर चर्चेनंतर नवा मसुदा काढू, असं जाहीर केलं. आम्ही केबलवाले अजून वाटच बघतोय.

तोवर नागपुरात वाहिनी कशी बंद होते, ते ऐका. स्थानिक बातम्यांचं प्रक्षेपण एन्कोडरमधून डिजिटल होऊन एमएसओच्या (आम्हा ऑपरेटरांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या) हेडएंडला, म्हणजे सगळ्या वाहिन्या एकत्र होतात त्या केंद्राला जातं, तिथून फायबरने महाल, नंदनवन, जरीपटक्यातल्या ऑपरेटरांकडे. हेडएंडवर एक इनपुट काढला की सगळ्या वस्त्यांत तो क्रमांक एकदमच काळा पडतो. 1995 च्या केबल कायद्याचं कलम 19 उपविभागीय दंडाधिकारी, जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्तांना प्रसारण रोखू देतं, पण आदेश काढून. इथे नुसता फोन येतो. फोनला जावक क्रमांक नसतो. मग हायकोर्टात आव्हान द्यायचं तरी कोणत्या आदेशाला? एमएसओही हुज्जत घालत नाही. कलम 11 खाली यंत्रसामग्री जप्त होऊ शकते. एका वाहिनीपायी अख्खं हेडएंड कोण पणाला लावेल? मार आम्हीच खातो. पैसे भरणारं गिऱ्हाईक आम्हाला विचारतं, तुम्हाला नाही.

वर दिल्लीत तरी काय वेगळं आहे? परवानगी तुमची. 2021 च्या त्रिस्तरीय तक्रार व्यवस्थेत शेवटची पायरी तुमचीच आंतरविभागीय समिती. बंदीचा आदेशही तुमचाच. आणि कसोटी कोणती, तर कार्यक्रम संहितेतलं ‘अर्धसत्य’ आणि ‘सुरुची’! यात काय बसवता येणार नाही? 2016 मध्ये एनडीटीव्ही इंडियाला एक दिवस बंद ठेवायचा आदेश काढलात, ओरड झाल्यावर स्थगित केलात. 2022 मध्ये मीडियावन या मल्याळम वृत्तवाहिनीच्या परवानगीचं नूतनीकरण नाकारलंत. कारणं बंद लिफाफ्यात कोर्टाला दिली, वाहिनीला नाही. 5 एप्रिल 2023 ला सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला.

याच कोर्टाने फेब्रुवारी 1995 मध्ये, न्या. पी. बी. सावंतांच्या निकालात, प्रसारणाच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या आणि त्यांच्यासाठी स्वायत्त प्राधिकरण ताबडतोब उभारा म्हणून सांगितलं. 1997 चं प्रसारण विधेयक बारगळलं. 2004 मध्ये प्रसारण ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे आलं, पण मजकुराच्या चाव्या मंत्रालयाकडेच राहिल्या. सरकारं सगळ्या रंगांची आली. चावी कोणीच सोडली नाही, कारण प्रत्येकाला ती हवीच होती.

कलम 19 चा प्रत्येक आदेश लेखी, कारणासह आणि मुदतीसह, त्याच दिवशी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावा. तोंडी सूचना पाळू नका, असं परिपत्रक सगळ्या एमएसओंना पाठवा. तिसरी पायरी मंत्रालयाबाहेर न्या. आणि नवा मसुदा निवडक लोकांना नव्हे, सगळ्यांना एकाच दिवशी दाखवा, मराठीतही.

आपले,
नागपुरातले केबलवाले