‘वळ’ म्हणालात, त्याबद्दल

प्रिय ताई,

प्रयोग होऊन तीन आठवडे झाले, तरी तुमचे आभार मानायचे राहिलेच. तुम्ही समोर आलात की माझे शब्द अडतात, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण मला तुमच्याकडून जे मिळालं त्याची वाट आणखी कुणीतरी बघत असेल.

मी नऊ वर्षांचा असल्यापासून नाचतो. ‘बायकी’ हा शब्द तेव्हापासून मागे लागला. एका वर्गात माझं मनगट वळलं की पट्टी लावून सरळ केलं जायचं. मी मनगट सरळ ठेवायला शिकलो, मग खांदे, मान, नजरसुद्धा. नाच चुकत नव्हता, पण अंगावर सतत पहारा असायचा आणि पहारेकरी मीच होतो.

तुमच्या तालमीत ‘पुरुषासारखं’, ‘बाईसारखं’ हे शब्दच येत नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ‘वजन डाव्या टाचेवर घे.’ ‘कोपर उघड.’ ‘श्वास सोड, मग वळ.’ मराठीत ‘उभा’ म्हटलं की मी तो, ‘उभी’ म्हटलं की ती. स्वतःबद्दल एक साधं वाक्य बोलायचं तरी आधी ठरवावं लागतं. पण ‘वळ’, ‘थांब’, ‘बस’ यांना लिंग नसतं. मी तासन्‌तास त्या आज्ञांमध्ये राहिलो आणि तेवढा वेळ मला कुणी काही विचारत नव्हतं. केवढा विसावा होता तो!

मग अभिनयाचा तो तुकडा. मी नायिका करत होतो: पापण्या झुकवून, बोटं नाजूक करून, कंबरेला हेलकावा देत. तुम्ही ताल थांबवलात. ‘हे कुठे पाहिलंस?’ मला उत्तर देता येईना. ‘घरात कुणाला पाहिलंयस?’ आईला, म्हणालो. ‘मग आई कर. बाई करू नकोस.’

आई काम करताना हात ओले असले की कपाळावरचे केस मनगटाच्या मागच्या बाजूने सारते. एकच झटका, नजर कामावरच. मी तेवढंच केलं. लहानपणी पट्टीने सरळ केलेलं तेच मनगट. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त पुन्हा ताल धरलात.

मधल्या सुट्टीत तुम्ही सांगायचात ते मी घरी जाऊन लिहून ठेवायचो. ओडिसी नर्तक केलुचरण महापात्र लहानपणी गोटिपुआ म्हणून, म्हणजे ओडिशातल्या मुलग्यांच्या नाचपरंपरेत, मुलीच्या वेशात नाचले. उतारवयात विरळ केसांनी, साध्या धोतरात, कसलाही स्त्रीवेश न करता ते राधा उभी करायचे. कुचिपुडी या आंध्रातल्या नृत्यनाट्यात स्त्रीभूमिका करणाऱ्या वेदांतम सत्यनारायण शर्मांची सत्यभामा. भरतनाट्यम करणाऱ्या नर्तकी नटराज, ज्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, असा मान मिळालेल्या पहिल्या पारलिंगी नर्तकी. ही नावं ऐकून मी हुरळून गेलो होतो. तेव्हा तुम्ही मला जमिनीवर आणलंत. कुचिपुडीत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्याच मंडळ्या होत्या. पुरुष बाई साकारत होते आणि बाईला मात्र तिथे जागा नव्हती. बालगंधर्वांचं कौतुक ऐकत वाढलेल्या मला हे टोचायला हवं होतं, आणि टोचलं. तुम्ही ती अडचण झाकली नाहीत, याचेही आभार.

सगळ्यात अवघड गेलं ते उचललं जाणं. युगलनृत्यात उचलायचं कुणी आणि उचललं जायचं कुणी, हे जणू जन्मतःच ठरलेलं असतं. तुम्ही मला माझ्या जोडीदार मुलीच्या खांद्यावर चढवलंत, जी माझ्यापेक्षा बुटकी आणि हलकी. जोर दंडात नसतो, तिच्या वाकलेल्या गुडघ्यात आणि माझ्या उडीच्या वेळेत असतो, हे डोक्याला लगेच पटलं. अंगाला पटायला नऊ दिवस लागले. दर वेळी शेवटच्या क्षणी मी पाय जमिनीवर टेकवायचो. दहाव्या दिवशी टेकवला नाही. वरून तालमीची खोली वेगळीच दिसली, आणि मी रडलो ते तुम्ही पाहिलंत, तरी मोजणं थांबवलं नाहीत. पाच, सहा, सात, आठ.

प्रयोगाला आई आली होती. नाचाबद्दल काही बोलली नाही. रात्री घरी भांडी घासताना केस सारायला तिने मनगट उचललं, मध्येच थांबली आणि माझ्याकडे बघून हसली.

तुमचा विद्यार्थी